काठी धरणारा

माझं काम सोपं आहे :
दोन मीटरची काठी, टोकाला अँटेना,
पातळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ती उभी धरायची
आणि श्वास रोखायचा.
जिपारगुल हात वर करते, एक आकडा जमा होतो.
मग पुढची वीस पावलं.

पूर्वी मी याच रस्त्यावर मेंढ्यांचा ट्रक चालवायचो.
हा डोंगर मला पाठ आहे असं वाटायचं.

ज्याचा पायथा नागमोडी, ती म्हणते,
ज्याच्या कडेत दऱ्या आत आत शिरल्यात,
तो झोपलाय. पाण्याने त्याला निवांत कुरतडलंय.
आपल्याचा पायथा बघ, पट्टीने आखलेला.
वळणांची लांबी भागिले सरळ लांबी :
एक पूर्णांक शून्य नऊ.
एवढं ताठ म्हातारपणी कोणी राहत नाही.

वरून तीन ओढे येतात.
तिघेही एकाच रेषेवर पोचून डावीकडे वळतात,
घरी काही विसरल्यासारखे,
आणि अठरा मीटर चाळीस सेंटीमीटरनंतर
पुन्हा आपल्या वाटेला लागतात.
अठरा चाळीस मी स्वतः धरलेत, भर वाऱ्यात.

काठाच्या जुन्या थरात आम्ही काळ्या घोंगडीखाली नळी ठोकली,
आतल्या वाळूला दिवस दिसू नये म्हणून.
कणाला शेवटचं ऊन कधी लागलं
ते बिश्केकच्या अंधाऱ्या खोलीत कळतं :
सहा हजार शंभर वर्षांपूर्वी.
भागाकार जिपारगुलने माझ्या सिगारेटच्या पाकिटावर केला.
वर्षाला तीन मिलिमीटर.
नख महिन्यात वाढतं तेवढं डोंगर वर्षात सरकतो.
सरकतो म्हणजे, देणं लिहून ठेवतो.
फेडतो एकदम, पहाटे किंवा जेवणाच्या वेळी.

कोक-बुलाक गाव त्याच रेषेवर आहे.
जमीन चिरलेली, म्हणून तिथे पाणी वर येतं,
पाणी म्हणून पॉप्लरची रांग,
रांगेच्या सावलीत घरं, घरांमागे शाळा.
नकाशावर तांबडी रेघ ऊलकान आपाच्या चुलीतून जाते.

आपाने चहा ओतला, वाटीत अर्धाच.
आमच्यात वाटी अर्धी भरतात,
पाहुण्याने पुन्हा मागावा, बसून राहावं.
तिने एकच विचारलं, कधी?
जिपारगुल म्हणाली, साधारण नऊशे वर्षांतून एकदा.
आणि मागचा?
ते अजून खणायचंय.

आपा बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिली.
रेघ किती जाड आहे गं?
दोन्हीकडे वीस वीस मीटर.
म्हणजे शाळा आत.
हो.
माझ्या कोंबड्या पण आत, ती म्हणाली,
आणि माझी वाटी काठोकाठ भरली.

काठोकाठ भरली की उठायचं असतं.

चार बिंदू राहिले होते, शेवटचा शाळेच्या भिंतीशी.
मी काठी टेकवली, पाय रोवले, श्वास धरला.
मधली सुट्टी झाली होती.
साठ-सत्तर पोरं पटांगणात धावत होती,
आपाचा बेकतेन सगळ्यात पुढे, एका पायात बूट नाही.
बुडबुडा मधोमध यायचा आणि निसटायचा.
जिपारगुलने हात वर केलाच नाही.
घंटा होईपर्यंत
आम्हाला तो आकडा मिळाला नाही.