सेंद्रिय कर्ब

एकतीस वर्षं मी जळगावच्या प्रयोगशाळेत
दुसऱ्यांची माती चाळली.
पिशवीवर गाव, गट नंबर,
आत अर्धा किलो वावर.
जांभळा रंग हिरवा होईस्तोवर थेंब मोजायचे,
मग रकान्यात लिहायचं: सेंद्रिय कर्ब, कमी.
शिफारस: हेक्टरी दहा टन शेणखत.
दहा टन.
किती सहज लिहायचा हात.

आता फैजपूरला, घरामागे,
माझा स्वतःचा बारा बाय वीस फुटांचा तुकडा.
बिल्डरनं ओतलेला मुरूम, विटांच्या खपल्या,
कुणा गवंड्याची एका पायाची चप्पल.
कुदळ मारली की ठिणगी.
सवयीनं व्ही आकाराचा खड्डा घेतला,
ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले,
उरलं ते सावलीत वाळवून पिशवीत भरलं,
पिशवी खुंटीला टांगली.
पाठवली नाही.
उत्तर माहीत असलेलं पत्र कोण टाकतं पोस्टात?

हिशेबानं माझ्या तुकड्याला बावीस किलो.
वाघुळद्यांच्या गोठ्यातून तेवढंच आणलं, ओलं,
तसंच पसरलं.
महिन्याभरात हुमणीनं वांग्यांच्या मुळ्या खाल्ल्या.
रोप ओढलं तर हातातच आलं,
दुधाच्या दातासारखं.

सुभान तडवी केळीची गाडी घेऊन चालला होता,
कुंपणाशी थांबला.
"ताई, तुम्ही तं माती शिकेल ना?"
एवढंच.
दुसऱ्या दिवशी फाटकाशी केळीचे सात खांब,
घड उतरल्यावर बांधावर फेकतात तसले, पाणी गळणारे.
"चकत्या करा, मधी शेण, वरून माती.
अन् मंग इसरून जा."

विसरणं मला जमत नाही.
रोज उकरून बघायची.
आत हात घातला की चटका,
विझलेल्या बंबाच्या बुडासारखा.

त्या खड्ड्यात चहाचा चोथा गेला, कांद्याची सालं,
कळण्याच्या पिठाचा कोंडा, पाटीभर सरकीची ढेप,
यामिनीच्या लग्नातल्या पत्रावळी,
आणि निवृत्तीच्या दिवशी माझ्याबरोबर घरी आलेला खोका:
पत्रिकांच्या दुसऱ्या प्रती,
कुणालाच नको असलेल्या वर्षांच्या.
भिजवल्या, फाडल्या.
साकळी. किनगाव. न्हावी. चिनावल.
कमी. कमी. अत्यंत कमी. कमी.
माझंच वळणदार अक्षर शेणात बुडताना बघितलं,
आणि खरं सांगते, वाईट नाही वाटलं.

मधली निळी पानं तेवढी कुजली नाहीत.
नाव कार्बन,
आणि चार महिन्यांनी निघाली तशीच, चिकट, कोरी करकरीत.
वेचता वेचता बोटं निळी झाली.
एकटीच हसत बसले उकिरड्यापाशी.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला.
केळीची वाळकी पानं जमिनीवर अंथरली,
सांडपाणी वळवलं,
भांडी घासायची राख वेगळी केली.
नवरा म्हणाला, "पेन्शन मातीत घालतेस."
घालतेच आहे.

श्रावणात एक पान उचललं, खाली गांडूळ.
शेजारी आणखी तीन.
मी आणले नव्हते.
या मुरमातून, या विटांच्या खपल्यांतून
कुणाकुणाला पत्ता विचारत आले असतील.

थंडीत भरताची वांगी धरली,
हिरवी, पांढऱ्या रेघांची.
नऊ. त्यातलं एक किडकं.
तुरीच्या काड्यांवर भाजली, बडगीत ठेचली,
डबा सुभानच्या घरी धाडला.
डबा रिकामा परत येत नसतो;
आत दोन मुठी वाळलेल्या निंबोळ्या,
वर चिठ्ठी नाही.

पिशवी अजून खुंटीलाच आहे.
काल धूळ झटकताना दिसलं,
लेबलावर तारीख आहे, खोली आहे, गाव आहे.
शेतकऱ्याचं नाव, तो रकाना कोरा.

पेन शोधतेय.