बिलावरचं नाव

विजेचं बिल मी खालून वर वाचते.
आधी आकडा, मग शेवटची तारीख, मग बाकीचं.
या खेपेला आकड्याच्या खाली एक ओळ जास्तीची होती:
लघु व्यवसायास शासनाची छूट, रुपये बाराशे चौदा.
आणि त्याखाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात,
उपभोक्त्याने स्वतः झोन ऑफिसात यावे.

उपभोक्ता हकीमुद्दीन.
उपभोक्त्याला जाऊन सोळा वर्षं झाली.

चक्की आम्ही त्यांच्याकडून घेतली सत्त्याऐंशी साली.
दोन दगड, पट्टा, दहा हॉर्सपॉवरची मोटर
आणि भिंतीवरचा मीटर.
मीटरवरचं नाव तेवढं बदलायचं राहिलं.
पुढच्या महिन्यात बघू, हे म्हणायचे.
मग यांचे गुडघे गेले, आणि चक्कीवर मी आले.
पाटीवर ठळक 'गर्गे' रंगवलंय,
तरी सगळी रामबाग अजून म्हणते,
बोहऱ्याच्या चक्कीवर दळण टाकून ये.

झोन ऑफिसात तिसरी खिडकी.
आतला मुलगा नम्र होता, खोटं कशाला बोलू.
म्हणाला, आंटीजी, हकीमुद्दीनजींना घेऊन या, अंगठा लागेल.
मी म्हटलं, कसं आणू?
म्हणाला, ऑटोने.

माझ्या मागचा बर्फाच्या कारखान्याचा माणूस
हसला, आणि लगेच बिलाकडे बघायला लागला.

मग मुलाने दुसरा कागद काढला.
नाव बदलून घ्या. वारसाची सही,
नव्या दराने अनामत,
सगळं धरून चार हजार सहाशे.

बाराशे चौदासाठी चार हजार सहाशे.
चाळीस वर्षं होतील मला घट धरत,
किलोमागे किती पीठ उडतं, किती दगडाला चिकटतं,
मला कागद-पेन्सिल लागत नाही.
माझी आई महूची. दुकानदार म्हणायचा छूट,
ती म्हणायची सूट,
आणि पिशवी उचलता उचलता विचारायची,
तूट कुठे लावलीस तेवढं सांग.

तरी गेले मी सैफी नगरला.
बाराशे म्हणजे पट्टा येतो नवा.

सून, दुरैया, माझ्याच वयाची.
चष्मा शोधला, बिल खिडकीशी नेलं.
आकडा तिने पाहिलाच नाही.
वरच्या नावावर बोट ठेवून उभी राहिली,
गॅसवर दूध होतं तरी.

राशन कार्डातून काढलं, म्हणाली. बँकेतून काढलं.
मतदार यादीतून तर मीच अर्ज देऊन काढलं.
अब्बाजी का नाम अब कहीं नहीं छपता.
मग विचारलं,
जुनी बिलं ठेवलीत का हो तुम्ही?

होती की. तारेला टोचलेली, पिठाने माखलेली,
यांना फेकवत नाही काही.
सहीचं मी विचारणारच होते.
दूध उतू गेलं, आम्ही दोघी धावलो,
आणि मग ते राहिलं.

सोमवारी तिचा मुलगा बिलांचा गठ्ठा न्यायला आला.
बरोबर अडीच किलो गहू, वर चिठ्ठी,
जाडे दळा, मलिद्याचे आहेत.
मी दगड सैल केला, आधीचं पीठ झाडून काढलं,
दोन मुठी वाया घालवल्या, चव मिसळू नये म्हणून.
मुलगा पैसे काढायला लागला.
मी म्हटलं, राहू दे.
वहीत लिहिलं: अडीच किलो, जाड, छूट.

बिल मी एकवीस तारखेलाच भरलं. पूर्ण.
पट्टा जुनाच आहे, मेण लावून चालवते.
भिंतीवर मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय
दोन मुठींसकट सगळं मोजत.
तो काही कुणाला सोडत नाही.