दात न बघता

उदगीरच्या शिवकांतानं पिकोची मशीन
फोनवर विकायला काढली. साडेसहा हजार.
नऊ मिनिटांत गिऱ्हाईक. वर्दीतला फोटो, मिठ्ठास हिंदी:
पूरे दूँगा बहनजी, बस ये कोड स्कॅन करो, पैसा आ जाएगा.
वानगीचा एक रुपया आलासुद्धा.

अंगठा पिनच्या तिसऱ्या आकड्यावर होता
तेव्हा आठवला सासरा,
हाळीच्या बाजारात
रुमालाखाली बोटं दाबून सौदे तोडणारा:
"दात न बघता जो बैल घेतो ना पोरी,
त्याला बैल नको असतो.
दावं कुणाच्या गळ्यात, ते ठरवूनच आलेला असतो."

ह्यानं सुईचं विचारलं नाही.
मोटर तापते का, विचारलं नाही.
पन्नास कमी कर, एवढंही नाही.
आन् घ्यायला पिन कामून?
ओंजळ पुढं करायला
कुणी पेटीची किल्ली मागतं का?

तिनं लिहिलं, मशीन बघायला या. बसस्टँडमागं.
आधी शिव्या आल्या.
मग वर्दी गेली, राखाडी गोल उरला.

रुपया अजून खात्यात आहे.
मशीन रविवारी निलंग्याच्या बाईनं नेली.
तासभर चाचपली, दोन साड्यांना पिको करून बघितला,
चारशे तोडले, वर चहा प्याली.

लई गुणाची बाई, शिवकांता म्हणते.