कोरी जागा

बाणेर, रात्री पावणेदोन.
निनाद झोपलाय बीनबॅगवर, तोंड उघडं.
एजंटच्या हातात मी नवं भिंग दिलंय:
पत्ता घे, करार उलगड,
पैसे कोण काढू शकतं ते सांग.

पहिलाच करार भिशीचा,
चाकणच्या अठ्ठावीस जणांचा.
सात सेकंदांत उत्तर.
कुलूप आहे. हिशेब जुळतो.
आणि मग, न विचारता:
"हा नुसता दरवाजा. मजकूर दुसऱ्या पत्त्यावर.
तो पत्ता मालक बदलू शकतो."

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, स्टुलावर टाइपरायटर,
पक्षकार घाईत, चहा गार,
आणि बाबा ओळ संपल्यावरही
कागदाच्या कडेपर्यंत ठोकत बसायचे आडव्या रेघा.
"कोऱ्या जागेत रात्रीतून कुणीही काहीही घुसडतं, पोरी."

साखळीवरचं पुसता येत नाही
असं सांगत फिरतो आम्ही. खरंय.
इथं पुसायची गरजच नाही.

भिंगात एक तपासणी वाढवली.
एजंटनं नाव विचारलं. लिहिलं: रेघ.
निनाद कूस बदलत पुटपुटला,
"क्लायंटला कळणार नाही."

साखळीवर मालकाचं नाव नसतं, नुसते आकडे.
पण भिशी कुणाची, मला ठाऊक आहे.
दर दिवाळीला तो चकल्या घेऊन येतो.
मेल अर्धा लिहून ठेवलाय.