कलम सातवे

शारजा. विद्यापीठाच्या तळघरातली खोली.
एसी इतका गार की इब्तिसामने शालीवर लॅबकोट चढवलाय.
बाहेर सप्टेंबर, बेचाळीस अंश,
पार्किंगमधल्या गाड्यांवर आठवड्याची धूळ.

टेबलापलीकडे तिघे, अलीकडे आम्ही पाच,
आणि "संघटना" हा शब्द कुणीच आत आणलेला नाही.
तो दाराशी काढून ठेवलाय, चपलेसारखा.
इथे आमचं नाव
संशोधन सहायकांचा संवाद गट.
वाटाघाटी म्हणावं तर वाटेत घाटही नाही,
सपाट वाळू, आणि हे लांबलचक टेबल.

मम्दूहसाहेब कायदा विभागाचे. मऊ माणूस.
प्रत्येक नकाराआधी खजुरांची बशी पुढे सरकवतात.
म्हणतात, तुम्ही कामगार कुठे, तुम्ही विद्यार्थी.
तुम्हाला मिळतं ते वेतन नव्हे, विद्यावेतन.

मला हसू आलं, भलत्या वेळी.
जतला आई बावीस वर्षं अंगणवाडीत.
पोरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी,
पोलिओचे डोस, वर मतदार याद्या,
आणि महिनाअखेर टळून गेल्यावर कधीतरी
मानधन.
वेतन नव्हे. सेविकेला मान द्यायचा असतो.
मान देऊन झाल्यावर धन किती उरतं
हे मी किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतच
वाचायला शिकले.

तर मी म्हटलं, सर,
खाऱ्या पाण्याचा पडदा फाटतो तो रात्री दोनला.
पंप विचारत नाही, तू विद्यार्थी की कोण.
गेल्या उन्हाळ्यात तीन महिने आमचे पैसे बंद होते,
पंप चालू होता.
रोडेल काही बोललाच नाही.
त्यानं पिशवीतून रात्रपाळीची नोंदवही काढली,
जून, जुलै, ऑगस्ट,
मिठानं कडक झालेली पानं,
आणि उलटताना ती वाजली.

मसुदा अरबीत. इब्तिसाम बोट ठेवून वाचते
आणि मी तिला मध्येच थांबवते,
अगं थांब, हा माझाही शब्द आहे.
हक्क. अर्ज. हिशेब. तारीख.
कलम म्हणजे आमची लेखणी, ती म्हणते.
आमचीही, मी म्हणते, शिवाय हे,
कागदावरचं, आकडा लावलेलं.
आणि मंजूर?
ती जरा विचार करते.
मंजूर म्हणजे पाहिलेलं. नुसतं पाहिलेलं.

चार तास.
उन्हाळ्याचे तीनपैकी दोन महिने मिळाले.
रात्री खोरवर नमुने घ्यायला एकटीनं जायचं नाही, जोडीनं.
प्रबंध दिल्यावर गाशा गुंडाळायला साठ दिवस;
झरगुनानं नव्वद मागितले होते,
तिच्या पोटात पाचवा महिना आहे, ते तिनं सांगितलं नाही.
कलम सातवे, एकच ओळ :
सहायक जे करतो त्यास काम समजावे.
मम्दूहसाहेबांनी चष्मा पुसला.
ओळीखाली रेघ मारली. ओळीवर नाही, खाली.
पुढच्या बैठकीत पाहू, म्हणाले,
आणि बशी पुढे केली. खजूर संपले होते.

वर आल्यावर आईचा फोन.
झालं का मंजूर?
पाहिलं त्यांनी, म्हटलं.
ती म्हणाली, आमचंही तेवढंच झालंय गं,
सोमवारी परत जिल्हा परिषदेसमोर बसतोय.
सतरंजी कुणी आणायची यावरून बायका भांडतायत.

पार्किंगमध्ये झरगुनानं एका गाडीच्या काचेवर
धुळीत बोटानं तो शब्द लिहिला,
दाराशी ठेवलेला.
आम्ही घाबरून इकडेतिकडे पाहिलं.
मग तिनंच तळव्यानं पुसला,
पण नीट नाही.

आठ वाजले होते. रोडेलची पाळी.
तो धावत सुटला.