शेऱ्याचा रकाना

नौशाद फणसोपकर बोटीवरून उतरला
तो इंजिनरूमचं एक कोरं लॉगबुक घेऊनच.
चार महिन्यांची रजा.
म्हणाला, रत्नागिरीतले सगळे हॉटडॉग खाऊन काढायचे.
मी नोंदी करतो, तू खाली सही करायचीस.
मी म्हटलं, सगळे म्हणजे किती असणार?

निघाले अकरा.

पहिला मारुती मंदिरच्या वळणावर.
पाटी न्यू यॉर्कची, मालक संगमेश्वरचा.
पाव लांब, आतला माल आखूड,
दोन्ही टोकांना नुसता कोबी.
नौशादने खिशातून टेप काढली:
पाव सहा इंच, माल साडेचार.
पोऱ्याला वाटलं आम्ही नगरपालिकेचे.
पैसेच घेईना.

बिरजे बेकरीत हॉटडॉग मागितला
तर पुढ्यात आला क्रीम भरलेला लांबडा बन,
वर लालभडक चेरी.
'हाच हॉटडॉग. माझ्या वडलांपासून,' बिरजे म्हणाले.
आता वडलांशी काय वाद घालणार.
चेरीसुद्धा चेरी नव्हती,
पाकात मुरलेलं, रंगवलेलं करवंद होतं.
लॉगबुकात नोंद: तापमान थंड. दाब शून्य.

जयस्तंभाजवळ शुद्ध शाकाहारी.
पावात एक आख्खं उकडलेलं गाजर,
अंगाला चाट मसाला फासून
रविवारी दुपारी लवंडल्यासारखं.
मी त्याला दहापैकी सहा दिले.
नौशाद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

प्रत्येक ठिकाणी त्याचा पहिला प्रश्न, कोंबडीचं ना?
एक जण म्हणाला, तुम्ही म्हणाल त्याचं.
आम्ही उठलो.

पाचवा, सहावा, आठवा एकच.
कोल्हापूरहून एकाच टेम्पोतून येणारं एकच पाकीट
तीन पाट्यांखाली तीन भावांनी विकलं जातं.
सातवा बंद होता.
राजिवड्यात त्याच्या खालाने पावात खिमा भरून दिला,
वर अंड्याचा पातळ पदर.
तो रकाना त्याने रिकामा सोडला.
घरच्याला मार्क द्यायचे नसतात, म्हणाला.

मग भाट्याच्या पुलावर स्कूटर लावून
आम्ही सोडा पीत होतो, तेव्हा सांगितलं त्याने
हँबुर्गच्या धक्क्यावर बर्फात उभं राहून खाल्लेल्या एकाबद्दल.
मोहरी अशी, की थेट नाकातून मेंदूत.
'डोळ्यांतून पाण्याच्या धारा. बरोबरचे हसत होते.
सकाळी घरून फोन आला होता मला.
सगळं मोहरीवर ढकललं.'
सोडा संपला होता तरी
तो बाटली तोंडाला लावत राहिला.

अकरावा मिरकरवाड्याच्या जेटीवर, पहाटे,
लाँच लागण्याच्या वेळेला.
कल्याणी तांडेलची हातगाडी.
सॉसेज संपलेत, म्हणाली, बोंबील आहे ताजा, चालेल?
चिरून, दगडाखाली दाबून पाणी काढलेला,
रव्यात लोळवून तव्यावर टाकला.
पावाला आत फासली
कैरीच्या लोणच्यासाठी फेसलेली मोहरी.
टेप काढ, मी म्हटलं.
पाव सहा इंच. बोंबील साडेसात.
शेपूट बाहेर, कुरकुरीत.

पहिल्याच घासाला माझ्या नाकात झणका गेला
आणि मी शिव्या देत पाणी मागितलं.
नौशाद काही बोलला नाही.
बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या माणसाकडे
तोंड करून त्याने सगळा खाल्ला, हळूहळू.
कल्याणीने त्याला विचारलं, तिखट झाली का रे?
तो म्हणाला, मोहरी आहे ना.
मी जाळी विणणाऱ्यांकडे बघत राहिलो.
त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मार्चअखेर तो गेला.
लॉगबुक माझ्याकडे ठेवलं, सहीसाठी.
अकराव्या ओळीत तारीख, वेळ, मापं, भाव पस्तीस रुपये,
शेऱ्याच्या रकान्यात तेलाचा एक डाग.
मी सही केली.

सातवा गेल्या सोमवारी उघडला म्हणे.
अजून गेलो नाही मी.
टेप त्याच्याकडे आहे.