बूथ कुठं ठेवायचा

सांगलीत, यार्डाच्या मागल्या अंगाला,
भरतेशअण्णांचं हळदीचं गोदाम
आता क्लब होणार होतं.
भिंतींना तीनदा चुना मारून झाला,
तरी ओल आली की त्या पिवळ्याच.

मला बोलावलं आवाज बसवायला.
दोन वूफर, चार टॉप, एक मिक्सर,
आणि आठ दिवस एकच वाद :
बूथ कुठं?

पुण्याचा आर्किटेक्ट नकाशा घेऊन आलेला.
म्हणाला, समोर, उंचावर, मधोमध,
मागं एलईडीची प्रभावळ.
म्हटलं, साहेब, हा तर गाभारा झाला.
लोक रांगेत उभे राहतील, मोबाईल वर धरून,
एकमेकांकडं बघणार कधी?

अण्णा म्हणाले, गल्ल्याजवळ घे.
एक डोळा गाण्यावर, एक बिलावर.
घेतला. लावून बघितला.
पोऱ्याला लिंबूसोडा सांगितला,
त्यानं शेंगदाणे आणले.

मग मी टाळ्या वाजवत फिरलो.
कोपऱ्यात टाळी दोन होऊन परत यायची,
खांबाच्या आड एकही नाही.
दक्षिणेच्या भिंतीशी वूफर लावला
तर सगळा ठोका जमिनीत जिरला.
अण्णा हळूच म्हणाले, तिथं खाली पेव आहे,
बुजवलंय, पण नीट नाही.
किती खंडी हळद कुजली त्यात
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
वूफर उचलला.

डीजे येणार होती इचलकरंजीची, रेणुका माळगे.
चार मागांच्या खडखडाटात निजून वाढलेली.
ती ताल मोजत नाही,
धोटा कुठं अडखळेल तेवढं ऐकत असते.
नकाशा तिनं उलटाच धरला, म्हणाली,
मला दार दिसलं पाहिजे.
आलंय कोण ते नको,
चाललंय कोण ते.
पाठ वळली की समजायचं
गाणं बदलायला उशीर झाला.

वॉचमन सिद्राम कोळेकर
तोवर बिडी विझवून कानामागं खोचत होता.
तीस वर्षं ह्याच गोदामात हमाली केलेली.
चार पावलं चालला, टाच आपटली.
"काटा हितं हुता.
हितं हुबा ऱ्हायलं की
कुणाचा धक्का लागत न्हाई,
आन दार, थप्पी, माणूस, समदं दिसतंय."

मी टाळी वाजवली.
एकदाच वाजली.

"पर खाली नगं ठेवू," सिद्राम म्हणाला,
आणि चुन्याखालनं उमटलेल्या रेघेवर
बोट ठेवलं, कमरेच्या वर वीतभर :
एकोणीसचं पाणी.
"तुझी मशिनं ह्येच्या वर."

लोखंडी चार पाय, वर फळ्या,
रेघेपेक्षा चार बोटं जास्त.
आर्किटेक्ट हसला, शेवटी उंचावरच ना?
हो म्हटलं. पण माप नदीनं दिलंय.

पहिल्या रात्री साठेक लोक,
त्यातले निम्मे अण्णांचे पाव्हणे,
भिंतीला पाठ लावून, हातात स्टीलचे ग्लास.
सिद्राम दारात उभा,
येईल तो माणूस पोत्यासारखा मोजत :
लाभ, दोन, तीन…

पहिला ठोका पडला आणि वाशांवरनं
कधीची अडकलेली भुकटी खाली आली,
निळ्या उजेडात कसल्याच रंगाची नाही.
दोघं शिंकले. एक आत्या हसली,
पदर खोचला आणि मधे आली.

अकराच्या सुमाराला
चौकटीच्या शर्टातला एक पोरगा
घड्याळ बघत दाराकडं निघाला.
मी बूथच्या पायाशी वायर धरून बसलेलो.
वरनं रेणुकाचा हात फिरला,
गाणं मधेच वळलं.

पोरगा उंबऱ्यावर थांबला.
एक पाय बाहेर, तोच तालावर.
सिद्रामनं वजा केलेला एक
परत मांडला.